अबोल्याचे नियम

आमच्या घरात भांडण कधी झालंच नाही, असं मी सांगते तेव्हा लोकांना कौतुक वाटतं. भांडायला आधी बोलावं लागतं आणि बाबा आणि काका एकमेकांशी बोलत नव्हते. प्रताप नगरातलं आमचं घर आजोबांनी बांधलेलं, कवेलूचं, म्हणजे कौलारू. मधून एक अरुंद बोळ, एका बाजूला आमच्या दोन खोल्या, दुसऱ्या बाजूला काकांच्या दोन. स्वयंपाकघर मागे, एकच. बोळाच्या टोकाला नळ, तोही एकच. आई आणि काकूंचं एकमेकींशी छान जमायचं. नवऱ्यांची थट्टा करायला त्यांना दुसरं कोण होतं? पण दोन सख्ख्या भावांनी एका छपराखाली वर्षानुवर्षं न बोलता राहायचं तर त्याला शिस्त लागते, आणि ती आमच्याकडे कडक होती. बोळात पाऊल टाकण्याआधी बाबा खोकायचे. तो खोकला ऐकला की काका आपल्या दाराआड थांबायचे, आणि बाबा नळापर्यंत पोचले की मग बाहेर पडायचे. सकाळचा पेपर बाबा आधी वाचत, नीट घडी करून काकांच्या उंबऱ्यावर ठेवत. काका तो तिथून उचलत, हातातून कधी घेत नसत. काका साडेसातला जेवत, बाबा आठला. रविवारी गोळाभात असला तर लसणाची फोडणी दोनदा करावी लागे, कारण ती भातावर चरचरतच पडली पाहिजे, असं दोघांचंही म्हणणं. चवीच्या बाबतीत ते अगदी सख्खे भाऊ होते.

कारण साधं होतं, पण लहान नव्हतं. आजोबा वारले तेव्हा त्यांचा थोरला मुलगा, म्हणजे बाबा, कन्हानला खाणीवर हजेरी कारकून होते आणि आठवडाभर तिकडेच राहत. निरोप उशिरा पोचला, त्यात पुलावरून पाणी, गाडी अडकली. इकडे जमलेली म्हातारी मंडळी काकांना म्हणू लागली, दिवस बुडायच्या आत करून घ्या. काकांनी अग्नी दिला. बाबा पोचले तेव्हा चिता अर्धीअधिक जळाली होती. बाबा म्हणाले, "तासभर नाही थांबता आलं?" काका म्हणाले, "दिवस बुडत होता." एवढंच. या दोन वाक्यांवर आमचं घर नऊ वर्षं चाललं. तेव्हा मला बाबांचं खरं वाटायचं, कारण ते माझे बाबा होते. आता माझ्याही वाट्याला पुष्कळ मरणं येऊन गेली आहेत, आणि मला वाटतं की दोघांचीही वाक्यं बरोबर होती. म्हणूनच ते मिटत नव्हतं.

घरात मी थोरली, काकांचे दोघे मुलगे लहान, त्यामुळे निरोप्याचं काम माझ्याकडे आलं. "सुमन, सांग त्याले, कवेलू फेरायचे हायत," बाबा म्हणायचे. काका दोन हातांच्या अंतरावर दाढी करत बसलेले, त्यांना सगळं ऐकू गेलेलं. तरी मी वळून "काका, कवेलू फेरायचे आहेत" असं म्हणेपर्यंत ते आरशातून मान हलवत नसत. मग म्हणायचे, "सांग त्यायले, पुढच्या रविवारी मानूस आनतो." थोरला भाऊ म्हणून बोलताना मान राखायचे. बाबांच्या निरोपात पुष्कळदा काटे असायचे. "सांग त्या शहाण्याले" असं आलं की मी शहाणा गाळायची. अकराव्या वर्षापासून हे करताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे निरोप वाटेत थोडा बदलला तर कोणालाच कळत नाही. तेव्हा मी ते चांगल्यासाठीच वापरत होते.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी आमच्या पी.टी.च्या सरांनी नोटीस लावली, की एकांकिका स्पर्धेसाठी नाटक बसवायचं आहे. सर म्हणजे रामटेके सर. ठेंगणे, ताठ पाठीचे, पायात कायम पांढरे कॅनव्हासचे बूट. लेझीम आणि मल्लखांब शिकवणारा माणूस नाटक कसलं बसवणार म्हणून कुतूहलानं तीसेक मुलं जमली. सर म्हणाले, "नाटक करायचं हाय, पन बोलायचं नाही. एक शब्द नाही. मानसं भांडतात कशी अन् संगं राह्यतात कशी, ते अंगानं दाखवायचं." दुसऱ्या दिवशी पाच जण उरलो. त्यातला विलास वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात सकाळी हमाली करून मग कॉलेजला यायचा. मधुकर आखाड्यातला, अंग कमावलेला, डोकं तापट. बाकीची दोघं पडेल ते काम करणारी होती. मी उरले कारण मला पाठांतर होत नसे आणि इथं पाठ करायला काही नव्हतं. नाटकाला लेखक नव्हता, कागदही नव्हता. रोज संध्याकाळी व्यायामशाळेत काहीतरी करून बघायचं, त्यातलं खोटं वाटेल ते फेकायचं, उरेल ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करायचं, अशी रीत होती. पहिले पंधरा दिवस सरांनी आम्हाला नुसतं पाठीला पाठ लावून बसायला आणि हात न टेकता उठायला लावलं. मधुकर जोर लावायचा, की दोघंही आडवे. "अबे, तू त्याले ढकलून राह्यला," सर म्हणायचे. "ढकलू नको, टेक. टेकनं अन् ढकलनं यात फरक हाय का नाही?" मधुकरला तो फरक कळायला महिना लागला.

घरी परवानगीचा प्रश्न होता. रोज संध्याकाळी दोन तास, मुलं आणि मुली एकत्र, नाटक, त्यात सरांचं आडनाव. तसली आडनावं ऐकल्यावर आमच्याकडे क्षणभर जी शांतता व्हायची ती आईच्या तोंडावर उमटलेली मी पाहिली. विचारलं असतं तर दोघंही नाहीच म्हणाले असते. मग मी बाबांना सांगितलं, "काका म्हणतात, पोरीला जाऊ द्या, बघतो कोण अडवते ते." आणि काकांना सांगितलं, "बाबांनी हो म्हटलं आहे, तुम्हाला विचारायची गरज नाही म्हणाले." दोघांच्याही कपाळाला आठ्या पडल्या आणि दोघंही गप्प बसले. एकानं दिलेली परवानगी दुसऱ्यानं मोडायची म्हणजे त्याच्याशी बोलायला लागलं असतं. माझं नाटक त्यांच्या अबोल्यावर उभं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. ते दोघं ज्या दिवशी बोलतील त्या दिवशी माझं नाटक संपेल, एवढा साधा हिशेब. आणि नऊ वर्षं जे बोलले नाहीत ते आता कशाला बोलतील, असं मी स्वतःला सांगितलं. मला लाज वाटली का? थोडी वाटली. पण संध्याकाळी व्यायामशाळेच्या गार फरशीवर अनवाणी उभं राहिलं की घरात मी कोणाची कोण आहे हे विसरायला व्हायचं, आणि त्यासाठी मी याहून मोठं खोटं बोलले असते.

एक दिवस सरांनी सांगितलं, "उद्या घरून एक एक भांडन आना. नावं नको, बोलनं नको. फक्त मानसं कशी हलतात ते आना." मुलांनी मारामाऱ्या आणल्या. मी बोळ आणला. दोन खडूच्या रेषा मारल्या, मधुकरला एका बाजूला उभं केलं, विलासला दुसऱ्या बाजूला, आणि कोण केव्हा थांबतो, कोण केव्हा निघतो ते शिकवलं. खोकला, दार, पेपर, नळ. मधुकर खोकला की विलासचा उचललेला पाय हवेतच थांबायचा. सर भिंतीला टेकून उभे होते. ते हसले नाहीत. म्हणाले, "हेच करायचं." मग मधला माणूस मी झाले. निरोप अंगानं कसा न्यायचा ते सापडत नव्हतं, ते विलासनं सोडवलं. म्हणाला, "वं सुमन, पाठीवर पोतं घेतल्यावानी घे ना. देनारा तोंडाकडे पाह्यत नाही, खांद्याकडे पाह्यते. अन् घेनारा आधी श्वास धरते, मंग वाकते." त्यानं मला ओझं घ्यायला शिकवलं, कंबरेतून नाही, गुडघ्यातून. मधुकर प्रत्यक्षात नसलेलं पोतं माझ्या पाठीवर टाकायचा, मी ते चार पावलं नेऊन विलासच्या पाठीवर द्यायची, तो त्यात आपलं घालून परत पाठवायचा. प्रत्येक फेरीला ते जड व्हायचं. आठव्या फेरीला माझे पाय खरंच थरथरायचे आणि त्यात अभिनय काही नसायचा.

भांडण असं पंधरा दिवसांत उभं राहिलं. अडलं ते पुढे. माणसं एकत्र कशी येतात, ते काही केल्या जमेना. आम्ही हात हातात धरून गोल केला. सर म्हणाले, "हे झेंडावंदन होऊन राह्यलं." मिठ्या मारून पाहिल्या. "लग्नातले व्याही भेटून राह्यले." मधुकरनं विलासच्या पाया पडून पाहिलं, त्यावर सर नुसते बाहेर जाऊन उभे राहिले. परत येऊन मला म्हणाले, "मले एक सांग. इतका राग हाय, तं हे दोघं एका घरात काहून राह्यतात? वेगळे काहून होत नाही?" मी म्हटलं, माहीत नाही. ते खोटं होतं. मला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी काकांना टायफॉइड झाला होता. महिनाभर खाटेवर होते, अन्न जात नव्हतं. बाबा रोज बोळात येऊन मला मोठ्यानं विचारायचे, ताप उतरला का, आणि आत काका ऐकायचे. एक दिवस बाबा सीताबर्डीहून मोसंबी घेऊन आले. बोळातल्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरकले आणि मला म्हणाले, "तिथं कोनाची मोसंबी राह्यली वाटते. आजाऱ्याच्या कामी येईन." मग माझा दंड धरून हळू म्हणाले, "कोनी आनली ते सांगशीन तं तुले माही शपथ." पंधरा-वीस दिवस मोसंबी येत राहिली. काकूंच्या भावाचं घर जवळच होतं, काकांनी ठरवून टाकलं की मेहुणाच आणतो आहे. सगळ्या मोहल्ल्याला अबोला माहीत होता. बाबांना त्याची लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. लपवलेलं होतं ते एवढंच.

हे मी सरांना तोंडानं सांगितलं नाही. मधुकरला खडूच्या रेषेवर उभं केलं, ओंजळीत काही नसताना ते अलगद ठेवायला लावलं, मागे सरायला लावलं, खोकायला लावलं. विलासनं ते उचललं, वास घेतला, अंगठ्याच्या नखानं साल काढली, रस डोळ्यात उडाल्यासारखा डोळा मिटला. मग ज्या दिशेनं खोकला आला होता तिकडे पाठ करून तो खायला बसला. मधुकर पलीकडे पाठ करून बसला. दोघांच्या पाठी एकमेकींना टेकल्या, आणि हात न टेकता दोघं उठले. सर म्हणाले, "झालं. आता काही जोडू नका." त्या दिवशी मी सायकल हातात धरून चालत घरी आले. शपथ मोडली असं मला वाटलंच नाही. बाबा म्हणाले होते सांगायचं नाही, आणि मी तर तोंडही उघडलं नव्हतं. ज्या घरात ऐकू आलेलं बोलणं सांगितल्याशिवाय ऐकलेलं धरत नाहीत, त्या घरात वाढलेल्या मुलीलाच हे पटू शकतं. आज वाटतं, इतकी मूर्ख मी नव्हते. मला ते नाटक हवं होतं आणि त्याची किंमत दुसऱ्यानं भरली तरी चालणार होती.

स्पर्धेचे पास मी आई आणि काकूंना दिले, उरलेले मोहल्ल्यातल्यांनी नेले. पुरुष येणार नाहीत, असा माझा अंदाज. पण बायकांनी संध्याकाळी एवढ्या लांब एकट्यानं कसं जायचं, म्हणून आईबरोबर बाबा आले आणि काकूंबरोबर काका. दोन वेगळ्या रिक्षांतून आले. विंगेतून पाहिलं तर बाबा डावीकडे चौथ्या रांगेत, काका उजवीकडे मागे. सरांना म्हटलं, मला बरं नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रेक्षकांकडे पाहिलं, आणि बहुतेक त्यांना सगळं समजलं. म्हणाले, "बरं नाही तं नाही. ओझं गुडघ्यातून घे." पडदा वर गेला. मधुकर खोकला तेव्हा आमच्या मोहल्ल्याच्या दोन रांगा एकदम हसल्या. पेपरला हसल्या, नळाला हसल्या. मोसंबीला हसायला लागल्या आणि मधेच थांबल्या. मला पाठीवरच्या ओझ्यामुळे मान वर करता येत नव्हती, त्यामुळे बाबांचा चेहरा मी पाहिला नाही. आईनं नंतर सांगितलं की दिवे लागायच्या आधीच ते उठून बाहेर गेले होते. काका मात्र खुर्च्या उचलणारा माणूस येईपर्यंत बसून होते. आमचा पहिला नंबर आला आणि पुढची फेरी अमरावतीला होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी नळावर पाणी भरत होते. बाबा खोकले आणि बोळात आले. काका दाराआड थांबले नाहीत. बोळ एवढा अरुंद की दोघांपैकी एकाला अंग चोरल्याशिवाय जाता येत नसे, आणि दोघंही तसेच उभे.

"भाऊ," काका म्हणाले, "ते मोसंबी तुम्ही आनत होते?"

बाबा नळाकडे पाहत राहिले. "आनली असन. कोनाले आठोते."

"मी इतके दिवस साळ्याचे उपकार मानत राह्यलो."

"तुहा साळा?" बाबा म्हणाले. "तो एक लिंबू आनन का कोनाच्या घरी?"

स्वयंपाकघरात काकू फिस्सकन हसल्या, आणि मग त्यांचंच रडणं ऐकू आलं. काकाही हसले. बाबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. आजोबांच्या अग्नीचं कोणी काही बोललं नाही, तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही. मी बादली धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते आनंदाचं होतं, हे मी शपथेवर सांगते. मग काका म्हणाले, "पन पोरीले नाटकात तुम्ही काहून जाऊ देलं?"

"मी? मी कधी हो म्हनलो? तूच देलं ना जाऊ."

"मी काहून देईन? मले म्हने, बाबानं हो म्हनलं."

"अन् मले म्हने, काका म्हनतात कोन अडवते ते पाह्यतो."

दोघांनी एकदमच माझ्याकडे वळून पाहिलं. दोघांचे चेहरे इतके सारखे आहेत हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं, कारण नऊ वर्षांत ते शेजारी उभेच राहिले नव्हते. कोणी आवाज चढवला नाही. बाबा आत गेले, सदरा घालून आले. काका चपला घालून उभेच होते. दोघं मिळून रामटेके सरांच्या घरी गेले. मी फाटकातून पाहत होते. बाबा पुढे, काका अर्धं पाऊल मागे, आणि वळणापर्यंत दोघांचं बोलणं चालू होतं.

सोमवारी सरांनी मला व्यायामशाळेत बसवलं. रागावलेले नव्हते. "दोघं आले होते," ते म्हणाले. "एक वाक्य एकानं सुरू केलं, दुसऱ्यानं पुरं केलं. मी म्हनलं, पोरीले अमरावतीपर्यंत जाऊ द्या, मी हात जोडून मांगतो. तं दोघं संगंच म्हनले, नाही."

मी विचारलं, माझ्या जागी कोण?

"कोनी नाही." सर थोडे अडखळले. खोटं बोलणं त्यांना येत नव्हतं. "काल विलास अन् मधुकर दोघांवरच करून पाह्यलं. मधातलं मानूस काढलं. ओझं आता ते एकमेकाले डायरेक्ट देतात. खरं सांगू, चांगलं होऊन राह्यलं."

मी पुन्हा रंगमंचावर गेले नाही. पुढे शाळेत शिकवलं, संसार केला, रडकथा सांगावी असं काही नाही. बाबा आणि काका पुढची वीस वर्षं बोलले. इतके बोलले की आई आणि काकू वैतागल्या. पावसापाण्याचं, निवडणुकीचं, कवेलूंचं, सगळं बोळातून थेट. लोक विचारतात, तुझ्या नाटकानं दोन भाऊ एक झाले, तुला केवढा आनंद झाला असेल! झाला. पण त्या वर्षी मला घरात करमत नव्हतं, हेही खरं आहे. संध्याकाळी काय करावं ते सुचत नसे. एकदा असंच दुपारचं बाबांनी जुन्या सवयीनं हाक मारली, "सुमन! वं सुमन!" मी हातातलं टाकून धावत गेले आणि बोळात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"काही नाही, जाय," ते म्हणाले. "त्याले मीच सांगतो."